चार खोकी अधिक

एक

उमापूरच्या चिंच प्रक्रिया सहकारी संस्थेचा माल मुंबईच्या बंदराजवळील गोदामात चार खोक्यांनी अधिक निघाला, ही वार्ता चैत्रातील एका गुरुवारी सकाळी दूरध्वनीवरून आली. माल कमी निघाला असता तर गावाला त्याचा अर्थ तत्काळ उमगला असता, कारण कमी निघणे सर्वांच्या परिचयाचे होते. अधिक निघणे कोणाच्याच अनुभवात नव्हते, म्हणूनच त्याने अधिक भय उत्पन्न केले.

पर्जन्याने पाठ फिरविल्याचे ते तिसरे वर्ष. विहिरींच्या तळाशी भेगा पडल्या होत्या आणि गावाची तहान टँकरच्या वेळापत्रकावर चालत होती. बांधाबांधांवरची चिंचेची जुनी झाडे तेवढी आपल्या खोल मुळांच्या आधारे हिरवी उभी होती. त्यांच्याच बळावर संस्था स्थापन झाली. ऊसतोडीहून परतलेल्या स्त्रियांचे चार गट झाले. त्यांनी चिंच फोडली, चिंचोके वेगळे केले, मीठ लावून गर दाबला आणि वीस-वीस किलोंची खोकी भरली. दुबईचा एक खरेदीदार मिळाला. हा पहिला माल नीट पोहोचला, तर तो पुढेही घेणार होता. आणि त्याने घेतला, तर येत्या दसऱ्यानंतर त्या स्त्रियांना कोयता घेऊन परमुलखात जावे लागणार नव्हते.

कागदावर खोकी होती शहाण्णव. गोदामात मोजली गेली शंभर.

मुंबईच्या एजंटाने शांत स्वरात सांगितले की, ज्या कंटेनरमध्ये संस्थेची खोकी जायची आहेत, त्यात आणखी नऊ जणांचा माल आहे. कागद आणि माल जुळल्याखेरीज कंटेनर बंद होत नाही, म्हणजे संस्थेपायी नऊ जण खोळंबले आहेत. शनिवारी दुपारी बारापर्यंत लेखी आणि पटण्याजोगा खुलासा न आल्यास उमापूरचा माल बाहेर काढण्यात येईल. शेवटी त्याने एक प्रश्न विचारला. शंभरातली आगाऊ चार कोणती, ती ओळखायची कशी?

दूरध्वनी घेतला होता सचिव राधाकिशनने. अध्यक्ष अर्जुनराव शेजारीच बसले होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि शनिवारी सकाळी अकराला विशेष सभा बोलाविली. सभेपुढे विषय एकच होता: सचिवास पदावरून दूर करून पोलिसांत तक्रार देणे.

दोन

अर्जुनराव कठोर होते, परंतु अन्यायी नव्हते. सभेपूर्वी कोणा त्रयस्थाने हे प्रकरण पाहावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी तलवाड्याला जीप धाडून वत्सलाबाईंना आणविले.

वत्सलाबाईंनी वजनमापे खात्यात एकतीस वर्षे निरीक्षक म्हणून सेवा केली होती. आठवडी बाजारांतील तराजू, किराणा दुकानांतील वजने, दूध संकलनाची मापे यांची परीक्षा करण्यात त्यांचे केस पांढरे झाले. माप खोटे असले तरी मापणारा खोटा असतोच असे नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. शुक्रवारी सकाळी त्या संस्थेच्या गोदामात आल्या. पाण्याचा तांब्या पुढे येताच त्यांनी टँकर कधी आला होता याची प्रथम चौकशी केली आणि मगच दोन घोट घेतले.

येताना त्यांनी पिशवीत स्वतःचे पाच किलोंचे प्रमाणित वजन आणले होते. ज्या काट्यावर खोकी भरली, त्यावर त्यांनी ते चार वेळा, चार कोपऱ्यांवर ठेवून पाहिले. काटा निर्दोष होता.

मग त्या अर्जुनरावांसमोर बसल्या. गावात काय बोलले जाते, हे अर्जुनरावांनी विनासंकोच सांगितले. राधाकिशनचा मेहुणा चिंचेचा व्यापारी होता. त्याचा ऐंशी किलो माल संस्थेच्या नावाखाली परदेशी धाडण्याचा हा डाव असावा, अशी कुजबुज होती. शिवाय सामाईक कंटेनरचा आग्रह राधाकिशननेच धरला होता.

वत्सलाबाईंनी सामाईक कंटेनर म्हणजे काय, असे विचारले. ते त्यांना अगदीच अज्ञात होते असे नाही. परंतु सांगणारा कोणत्या बाजूने सांगतो, हे त्यांना ऐकायचे होते.

"आपल्या काळी-पिवळी जीपसारखं हाय, बाई," अर्जुनराव म्हणाले. "धा जणांची गाठोडी एकाच टपावर. जेवढी जागा तेवढं भाडं. पण एकाच्या गाठोड्यात काही वंगाळ निघालं, की समदी जीप ठाण्यात. मी म्हणत होतो, आख्खा कंटेनर करा. तो आपल्या दारात येतो, आपण भरायचा, आपलं सील लावायचं. वाटेत कुणाचा हात न्हाई."

"आणि दोन टनांनी आख्खा कंटेनर भरला असता का?"

आपले चिंचेचे मोठे बन आहे, उरलेली जागा त्या मालाने भरता आली असती, असे अर्जुनरावांनी सांगितले. सभेने ते मानले नव्हते. संस्थेच्या नावाने केवळ संस्थेचा माल जावा, असे राधाकिशनने म्हटले आणि स्त्रियांनी त्याच्या बाजूने हात वर केले होते.

म्हणजे सामाईक कंटेनरची फजिती व्हावी, असे वाटण्यास अर्जुनरावांपाशीही कारण होते. वत्सलाबाईंनी ते मनात नोंदविले. अर्जुनरावांनीही ते ओळखले असावे. ते म्हणाले, "माझ्यावरबी संशय घ्या. त्यासाठीच बोलावलंय."

तीन

माल मुंबईला नेणारा आसाराम टेम्पोखाली आडवा होऊन क्लचचे काम करीत होता. नगरजवळ तो तीन तास थांबला होता, ही गोष्ट त्याने लपविली नाही. क्लच प्लेट गेली, मिस्त्री शोधला, बसविली आणि निघाला. चार खोकी तिथे चढली असतील काय, असे विचारताच तो टेम्पोखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "बाई, खोकी काय शेरडं हायत व्हय, वाटंत व्यायला?"

वत्सलाबाईंना हसू आले. त्यांनी त्याला विचारले की, गाव सोडताना टेम्पोचे वजन कोठे झाले होते का.

झाले होते. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर तो प्रत्येक फेरीला रिकामा आणि भरलेला टेम्पो तोलून घेत असे. चौकीवर कोणी जादा भाराचा आळ घेतला तर दाखवायला कागद असावा म्हणून. चिठ्ठी अजून टेम्पोच्या समोरच्या काचेवरील उन्हाच्या झडपेत खोचलेली होती. कोणी मागितली नव्हती, म्हणून त्याने दिली नव्हती.

रिकामा आणि भरलेला यांतील अंतर होते एकवीसशे किलो.

वत्सलाबाईंनी चिठ्ठी डोळ्यांपासून दूर धरून वाचली. खोक्यात चिंच वीस किलो, पुठ्ठा आणि पिशवी मिळून एक. एका खोक्याचे एकवीस. शहाण्णव खोकी असती तर भार दोन हजार सोळा झाला असता. एकवीसशे म्हणजे शंभर, बरोबर शंभर.

चार खोकी नगरला चढली नव्हती. टेम्पोने उमापूर सोडले, तेव्हाच ती आत होती.

चार

दुपारी वत्सलाबाई गोदामाच्या सावलीत बसल्या आणि त्यांनी माल आत आला तेव्हाची वही मागविली. त्यात फोडलेल्या चिंचेचे वजन दोन हजार किलो लिहिले होते. शहाण्णव खोक्यांत मावते एकोणीसशे वीस. उरलेली ऐंशी किलो कोठे गेली, असे कोणालाच वाटले नव्हते. चिंच सुकून घटली, असे सर्वांनी धरून चालले होते.

छबुबाई या एका गटाच्या प्रमुख होत्या. त्यांना हे विचारताच त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मीठ लावून दाबलेली चिंच दोन दिवसांत ऐंशी किलो सुकते, असे म्हणणाऱ्याने आयुष्यात चिंच फोडलेली नसावी, असे त्यांचे मत पडले. मग, कोणी विचारीलच याची वाट पाहत असल्याप्रमाणे, त्या बोलू लागल्या.

"आमच्या गटानं सत्तावीस खोकी भरली. सचिवांच्या कागदावर सव्वीस. मी तवाच बोलले, एक कुठं गेलं? तर समद्या बाया मलाच म्हनल्या, छबू लई लोभी."

"बाकीच्या गटांचे?"

"त्या काहून बोलतील? मुकादमानं मोळी कमी धरली तरी गप बसायची सवय लागलीय त्यांस्नी."

वत्सलाबाईंनी उरलेल्या तिन्ही गटांच्या स्त्रियांना एकेक करून बोलाविले. एकीने बोटांच्या पेरांवर मोजून तेवीस सांगितले. कागदावर बावीस होते. दुसरीने सव्वीस, कागदावर पंचवीस. तिसरी हळूच म्हणाली की, भरली चोवीस होती, पण कागदावर तेवीस लागली, तर आपलेच काही चुकले असेल.

सत्तावीस, तेवीस, सव्वीस, चोवीस. बेरीज शंभर.

म्हणजे आगाऊ चार खोकी अस्तित्वातच नव्हती. म्हणूनच एजंटाला ती ओळखता येत नव्हती. शंभरही एकाच घरची होती. मालात काही शिरले नव्हते, कागदावरून चार गळाली होती. तीही प्रत्येक गटातून एक. वत्सलाबाईंना या समान वाटणीचे नवल वाटले. लबाडी करणारा जिथे हात पोहोचेल तिथून घेतो, चारी घरांतून इतक्या न्यायाने घेत नाही.

परंतु कागदावर अक्षर राधाकिशनचे होते.

आणि कागदावर कमी दाखविण्यास त्याच्यापाशी कारण असू शकत होते. सामाईक कंटेनरमध्ये भाडे जागेवर ठरते. चार खोकी लपविली की तेवढी जागा फुकट. एजंटालाही नेमका हाच संशय आला असावा. वत्सलाबाईंनी राधाकिशनला बोलाविले. तो कृश, चष्मा लावणारा, पस्तिशीतला गृहस्थ होता. रात्रभर झोप नसल्याचे त्याच्या मुद्रेवर दिसत होते. खरेदीदार त्याने मिळविला होता. परवाने, नमुने, पत्रव्यवहार सारे त्याचेच. उद्या तो पदावरून गेला असता तर हे काम पुढे नेणारा दुसरा कोणी गावात नव्हता, आणि त्याला चोर म्हणून त्याच गावात राहावे लागले असते.

चार खोक्यांची जागा लपवून किती वाचले असते, याचा हिशेब त्याने स्वतःच करून पाहिला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तेवढ्यात मुंबईचे एसटीचे तिकीटही आले नसते.

"मग आकडे चुकले कसे?" वत्सलाबाईंनी विचारले.

"मी मोजली नाहीत, बाई. मी फक्त लिहिली. टेम्पो भरताना एकेका गटाची थप्पी उचलत गेले. खोकं दारातून गेलं की भिवराकाकू एक चिंचोका बाजूला टाकत. थप्पी संपली की मी चिंचोके मोजून लिहीत होतो." मग तो घाईने म्हणाला, "त्यांच्यावर संशय घेऊ नका. गावात त्यांच्याइतकं चोख मोजणारं कोणी नाही. म्हणून तर सगळ्यांनी त्यांनाच बसवलं."

पाच

भिवराबाईंचे वय सत्तरीच्या घरात होते. त्यांना विचारायचे तरी काय, याचा विचार वत्सलाबाई वाटभर करीत होत्या. चोख माणसाला तू चुकलास काय असे विचारले, तर ते नाही म्हणणार, आणि खरेच सांगणार. म्हणून त्यांनी काही न विचारण्याचे ठरविले.

भिवराबाई ओसरीत ज्वारी मापीत होत्या. गिरणीला न्यायची होती. त्यांनी पाहुणीला घोंगडी टाकून दिली, तलवाड्यात पाणी कसे आहे ते विचारले, आणि हातचे काम अर्धवट नको म्हणून क्षमा मागून पुन्हा मापटे हाती घेतले. वत्सलाबाई पाहत राहिल्या.

पहिले मापटे पिशवीत ओतताना भिवराबाईंनी डोळे मिटले आणि "लाभ" असे म्हटले. दुसरे ओतताना म्हणाल्या, "एक." मग दोन, तीन, चार. मापटे खाली ठेवून त्यांनी पिशवीचे तोंड बांधले.

"किती झाली?" वत्सलाबाईंनी सहज विचारले.

"चार."

पिशवीत मापटी पाच गेली होती.

वत्सलाबाईंच्या मनात एकतीस वर्षांचे बाजार जागे झाले. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तथापि ते पुढे 'दोन' म्हणत. उमापुरातही तसेच म्हणत. लाभ हे पहिल्याचेच मंगल नाव. भिवराबाई मात्र लाभानंतर एकापासून आरंभ करीत होत्या.

त्यांनी अत्यंत आदराने ही रीत कोठली, असे विचारले.

"माझ्या माहेरची. नांदूरघाटची," भिवराबाई म्हणाल्या. "पहिलं माप खळ्याच्या देवाचं. त्येला आकडा लावायचा न्हाई. देवाचं मोजायला आपण कोण? माझ्या बापानं शिकवलंय."

"इथे कोणी कधी काही म्हटले नाही?"

"कोण म्हनंल? पन्नास वर्सं झाली, घरातलं मीच मापते, घरातच खाते."

खरेच होते. एकाच घरात मोजणारी आणि खाणारी तीच असता चूक होण्यास जागाच नव्हती. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्यासाठी मोजले होते. थप्प्या चार होत्या, म्हणून देवही चारदा आला होता.

वत्सलाबाई उठायला निघाल्या. परंतु समोरची वृद्धा केवळ चोख नव्हती, तीक्ष्णही होती. तिने पाहुणीच्या मुद्रेकडे पाहिले आणि मग पिशवीकडे.

"म्हंजी राधाकिशनवर जे बालंट आलंय," ती सावकाश म्हणाली, "ते माझ्या हातून?"

वत्सलाबाईंनी मान खाली घातली.

"सभा किती वाजता हाय?"

सहा

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. वत्सलाबाईंनी जिनिंगची चिठ्ठी, माल आल्याची वही आणि चार गटांचे आकडे क्रमाने मांडले. माल शंभरच होता हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. कागद का उणा पडला, एवढेच उरले, आणि ते सांगताना त्या अडखळल्या. एका भाविक वृद्धेचा आयुष्यभराचा नेम भर सभेत चुकीच्या खात्यात मांडणे त्यांच्याने होईना.

तेव्हा भिवराबाई उठून उभ्या राहिल्या.

"चार खोकी मी मोजली न्हाईत," त्या म्हणाल्या. "दर थप्पीतलं पहिलं देवाचं म्हनून सोडलं. घरी सोडते तसंच. राधाकिशननं माझ्या चिंचोक्यावर भरवसा ठेवला, एवढाच त्येचा गुन्हा. चोर म्हनायचं तर मला म्हना."

मग मागून छबुबाईंचा स्वर आला. "काकू, म्हंजी माझं सत्तावीसच होतं न्हवं?"

"सत्तावीसच होतं गं."

"मग मी लोभी न्हवते."

पहिली हसली ती भिवराबाईच. पाठोपाठ सारा व्हरांडा हसला. अर्जुनरावांनी विषयपत्रिकेवरचा तो एकमेव विषय आडवी रेघ मारून काढून टाकला आणि राधाकिशनकडे वळून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, आपण उतावीळ झालो होतो असे म्हटले. तथापि ते आपला मुद्दा सोडणारे नव्हते. पुढचा माल सहा टन आहे. तो आख्ख्या कंटेनरमध्ये, आपल्या सीलखाली जावा. म्हणजे असा प्रसंग पुन्हा येणार नाही.

सर्वांनी वत्सलाबाईंकडे पाहिले.

"चेअरमनसाहेब, आपला विचार माल वाढल्यावर योग्यच ठरेल," त्या म्हणाल्या. "परंतु या वेळी माल आख्ख्या कंटेनरमध्ये असता तर काय झाले असते, ते पाहा. आपण भरतो, आपण मोजतो, आपण सील लावतो. वाटेत कोणी मोजत नाही; आपण लिहू ते खरे धरतात. ही चूक आपल्याच सीलखाली, सुरक्षितपणे दुबईला पोहोचली असती आणि प्रथम खरेदीदाराने पाहिली असती. नऊ जणांचा खोळंबा झाला हे वाईटच. पण तिऱ्हाईताने मोजले म्हणून आपली चूक आपल्या देशात सापडली. शिवाय सहा टनांनी अर्धा कंटेनरही भरत नाही. रिकाम्या जागेचे भाडे तरी भरायचे, किंवा दुसऱ्याचा माल आपल्या नावाने घालायचा. आधी आपली मोजणी एक होऊ द्या. मग कुलूप आपल्या हाती घ्या."

अर्जुनरावांनी दाढीवरून हात फिरविला. आपल्या बनातील चिंच त्यांच्या मनात आली असावी. मग ठरावाच्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले की, दुसरा माल सामाईक कंटेनरने जावा आणि टेम्पो भरताना मोजणी दोघींनी करावी: एक भिवराबाई, दुसऱ्या छबुबाई.

"मला नगं," भिवराबाई म्हणाल्या. "माझ्याच्यानं पहिल्याला आकडा लावला जायचा न्हाई. या वयात मी बापाला खोटं पाडू व्हय?"

त्यांचा प्रश्न खरा होता. उत्तर राधाकिशनने दिले, ज्याचे सर्वस्व त्या रीतीपायी जायचे होते, त्याने.

"आकडा लावू नका, काकू. थप्पी उचलण्याआधी पहिलं खोकं बाजूला काढा आणि देवळात पोचवा. ते टेम्पोत चढायचंच नाही. जे चढंल ते मोजा. देवाचं देवाला जाईल, दुबईचं दुबईला."

भिवराबाईंनी थोडा विचार केला. "दर थप्पीचं?"

"दर थप्पीचं. संस्थेच्या नावानं."

"मग मोजते," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पावणेबाराला राधाकिशनचा दूरध्वनी वाजला. वत्सलाबाईंच्या सहीने सकाळीच ई-मेलने धाडलेले खुलाशाचे पत्र पोहोचले होते. जिनिंगच्या चिठ्ठीची प्रत आणि गटांचे आकडे एजंटाने पाहिले होते. त्याला ते पटले होते. कागद दुरुस्त करायला तो बसला होता. फक्त, सवयीने, त्याने पुन्हा विचारले की, आगाऊ चार बाहेर काढून ठेवू का, की जाऊ द्यायची?

"आगाऊ काही नाही, साहेब," राधाकिशन म्हणाला. "शंभर लिहा."